सिम रेसिंगमधले वजन: गाडीला किती, विजेत्याला किती, हे आधी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला, तेव्हा बातम्यांचा सगळा भर पैशांच्या खेळांवरील बंदीवर होता. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून जागा दिली. स्पर्धेसाठी प्रवेश शुल्क घेता येईल, कामगिरीवर बक्षीस देता येईल, पण स्पर्धा आधी ठरलेल्या नियमांनी व्हायला हवी. आमचे हे पत्र या शेवटच्या अटीबद्दल आहे. संगणकावरच्या मोटार शर्यतींत, म्हणजे सिम रेसिंगमध्ये, हौशी लीगांचे वेळापत्रक, गुण, बक्षिसे सगळे आधी ठरते. ठरत नाही ते गाड्यांवर टाकले जाणारे वजन. कुणावर किती किलो, कशाबद्दल, किती फेऱ्यांसाठी (फेरी म्हणजे हंगामातली एक शर्यत), हे हंगाम चालू असताना डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या चर्चेत ठरते आणि हंगामाच्या मध्यावर लीग फुटण्याचे ते एक नेहमीचे कारण असते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. २००८ पासून चालू असलेले आयरेसिंग, २०१४ चे असेटो कोर्सा, २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेले असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने (पुढे एसीसी) किंवा २०२२ चे ग्रॅन टुरिस्मो ७, या सगळ्यांत गाडीचे वस्तुमान, टायरवरचा भार, हवेचा दाब, इंधनाचे वजन यांचा हिशेब सतत चालू असतो. त्यामुळे सर्व्हरवर गाडीच्या नावापुढे ‘३०’ लिहिले की त्या चालकाला ब्रेक खरोखर आधी मारावा लागतो. तो आकडा लिहिणाऱ्याच्या हातात अर्धी शर्यत असते.

वजन दोन वेगळ्या कारणांसाठी टाकले जाते आणि सगळा घोळ ती दोन कारणे एकत्र केल्यामुळे होतो. पहिले कारण गाड्यांचे संतुलन, ज्याला सगळे बीओपी म्हणतात. जीटी३, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या वर्गात, पुढे इंजिन असलेली मर्सिडीज, मध्ये इंजिन असलेली फेरारी आणि मागच्या चाकांच्याही मागे इंजिन असलेली पोर्शे ९११ एकाच ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होतानाच्या रांगांत, उभ्या राहतात. त्यांना वजन, शक्ती आणि इतर मर्यादा लावून जवळ आणल्याशिवाय हा वर्गच उभा राहू शकत नाही. हे वजन गाडीचे. ती गाडी कुणीही चालवो, ते तेवढेच असले पाहिजे. दुसरे कारण यशाचे वजन: मागच्या फेरीत जिंकला म्हणून पुढच्या फेरीत जड. हे वजन माणसाचे. ते त्याने गाडी बदलली तरी त्याच्याबरोबर जायला हवे.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हा भेद जुना आणि सर्वमान्य आहे. हँडिकॅप शर्यतीत घोड्याच्या रेटिंगप्रमाणे वजन ठरते, चांगल्या घोड्याला जास्त. इंडियन डर्बीत मात्र रेटिंग बघून वजन चढवत नाहीत, कारण तिथे सर्वांत सरस घोडा शोधायचा असतो. दोन्ही रास्त आहेत, कारण कोणती शर्यत कोणत्या प्रकारची हे धावण्याआधी कार्डावर छापलेले असते. आमच्याकडे मात्र ‘पोर्शे फार पळते, तिला २० किलो’ असे ठरते तेव्हा पोर्शेवाला नुकताच दोन फेऱ्या जिंकलेला असतो, आणि ते २० किलो पोर्शेचे की त्याचे हे कुणीच सांगत नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी तीच गाडी घेऊन दहावा आला तर तेही वजन त्याच्यावर विनाकारण.

वजनाने नेमके काय होते ते समजून घेतले तर निम्मे चुकीचे निर्णय टळतील. जीटी३ गाडी साधारण १,३०० किलोची धरा. ३० किलो टाकले की वजन २.३ टक्के वाढले. सरळ पट्ट्याच्या शेवटच्या वेगाला याचा फारसा धक्का लागत नाही, तिथे लढत हवेशी असते. फटका बसतो तो हळू वळणातून बाहेर पडताना, ब्रेक लावताना आणि वेगवान वळणांत. टायरवर भार वाढला की पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागेच राहते. शिवाय पंखांचा खाली दाबणारा जोर वजनाने तसूभरही वाढत नाही. तेवढ्याच जोरावर जास्त वस्तुमान वळवावे लागते. जड गाडीचे टायर जास्त तापतात, लवकर झिजतात, इंधनही थोडे जास्त जाते. म्हणून २० मिनिटांच्या शर्यतीत सोसवणारे वजन ६० मिनिटांच्या शर्यतीत शेवटच्या दहा लॅपना (ट्रॅकच्या वेढ्यांना) अंगावर येते.

शक्ती कमी केली, म्हणजे इंजिनाची हवा रोखणारा रिस्ट्रिक्टर लावला, की चित्र उलटे. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्ती ३ टक्के उतरवली तर सर्वोच्च वेग साधारण १ टक्का उतरतो: ताशी २७० चे २६७. कागदावर हे किरकोळ वाटते, पण मोंझाच्या लांब पट्ट्यावर पुढच्या गाडीच्या शेजारी जाण्याची संधी याच तीन किलोमीटरांत असते. आणि सर्व्हरवरचा रिस्ट्रिक्टरचा आकडा म्हणजे तितके टक्के शक्ती कमी असे कधीच धरू नये. तो सहसा वरच्या आरपीएमला जास्त चावतो, त्यामुळे उंच फिरणाऱ्या साध्या इंजिनावर आणि खालून जोर देणाऱ्या टर्बो इंजिनावर एकाच आकड्याचा परिणाम वेगळा दिसतो.

लीगांमध्ये सर्वांत जास्त वेळा होणारी चूक इथेच आहे. एखादी गाडी सरळीत भन्नाट आणि वळणात मध्यम असते. एकूण लॅप थोडा वेगवान, म्हणून तिला वजन दिले जाते. लॅप टाइम बरोबरीचा होतो आणि संयोजक खूश होतात. प्रत्यक्ष शर्यतीत ती गाडी आता वळणात आणखी हळू झालेली असते आणि सरळीत जवळपास तितकीच वेगवान राहिलेली असते. मागचा चालक वळणात तिच्या बंपरला चिकटतो, बाहेर पडताच ती निघून जाते. पुढे जायचे तर ब्रेकिंगला जुगार खेळायचा, आणि मग धडकेची तक्रार स्ट्युअर्डकडे, म्हणजे शर्यतीच्या पंचांकडे. वेळ सारखी असणे आणि शर्यत रास्त असणे यांत एवढे अंतर असू शकते. सरळीतला फायदा शक्ती कमी करून काढावा, वळणातला वजनाने. दोन्हीकडे फायदा असेल तर दोन्ही थोडे थोडे.

आता मोजायचे कसे? आमच्या मते खालची पद्धत कुठल्याही छोट्या लीगला दोन शनिवार-रविवारांत जमण्यासारखी आहे.

सर्व्हरवर कोरडे, स्थिर हवामान ठेवा. घड्याळ वेगाने फिरू देऊ नका, नाहीतर दुपारचा ट्रॅक संध्याकाळी थंड होतो आणि शेवटी धावलेल्या गाडीला फुकटचे दोन दशांश सेकंद मिळतात. इंधन सगळ्यांना सारखे, समजा ४० लिटर. टायरचा गरम दाब सगळ्यांनी एकाच पट्ट्यात ठेवायचा. एसीसीत जीटी३ च्या कोरड्या टायरसाठी २६ ते २७ पीएसआय. सहा चालक घ्या: दोन वेगवान, दोन मधले, दोन मागचे. फक्त वेगवान चालकांवर संतुलन बसवले तर ते ग्रिडवरच्या पहिल्या चौघांसाठीच खरे ठरते. मागे इंजिन असलेली गाडी सराईत चालकाच्या हातात तीच वेळ देईल, पण मधल्या चालकाला ती ब्रेकिंगला फिरवून टाकते. आम्हाला विचाराल तर संतुलन ग्रिडच्या मध्यावर बसवावे, कारण तिथेच जास्त माणसे असतात.

प्रत्येकाने प्रत्येक गाडीत बारा लॅप मारायचे. पहिले दोन सोडून द्यायचे, उरलेल्या दहांतले सर्वोत्तम पाच घ्यायचे आणि त्यांतला मधला, म्हणजे तिसरा, आकडा लिहायचा. एकच सर्वोत्तम लॅप घेऊ नका. तो नशिबाचा असू शकतो, आणि मुद्दाम न मारलेलाही असू शकतो. गाड्यांचा क्रम प्रत्येक चालकाला वेगळा द्या, कारण लॅप वाढतात तसा ट्रॅकवर रबर बसत जातो आणि चालकाचा हातही सुटतो. मग एक गाडी संदर्भ म्हणून धरायची आणि प्रत्येक चालकाच्या बाकी आकड्यांतून त्याचा स्वतःचाच संदर्भ आकडा वजा करायचा. अमुक चालक तमुकापेक्षा किती वेगवान आहे हा प्रश्न त्याने बाजूला पडतो आणि फक्त गाडीचा फरक उरतो. सहा जणांच्या फरकांतल्या मधल्या दोनांची सरासरी घ्यावी. ती ०.१ ते ०.१५ सेकंदांच्या आत असेल तर गाडीला हात लावू नका. एवढा फरक माणसाच्या दोन संध्याकाळींत असतोच.

त्याहून जास्त असेल तर आधी किलोचा भाव काढा. त्याच गाडीत, त्याच चालकाकडून, आधी शून्य आणि मग ४० किलो टाकून धाव घ्या. समजा १ मिनिट ४८ सेकंदांच्या लॅपला ४० किलोंनी ०.६ सेकंद गेले, तर एका किलोचा भाव ०.०१५ सेकंद. म्हणजे ०.३ सेकंदांचा फरक मिटवायला २० किलो. दुसऱ्या सिममधला किंवा दुसऱ्या ट्रॅकचा भाव उचलून वापरू नका. हंगारोरिंगसारख्या सतत वळणाऱ्या ट्रॅकवर आणि मोंझावर त्याच किलोंचा परिणाम एकसारखा येणारच नाही. ग्रॅन टुरिस्मोने ट्रॅक वेगवान, मध्यम आणि संथ अशा गटांत पाडून प्रत्येक गटाचे संतुलन वेगळे ठेवले आहे. छोट्या लीगलाही हे परवडते: मोंझा, हंगारोरिंग आणि बेल्जियमचा स्पा अशा तीन ट्रॅकवर चाचणी घेतली की हंगामातल्या बाकी ट्रॅकना त्यांतला जवळचा तक्ता लावता येतो. वजन टाकल्यावर मात्र पुन्हा धाव घ्यायचीच, नुसत्या गुणाकारावर सोडायचे नाही. आणि एक चाचणी २५ मिनिटांच्या सलग स्टिंटची, म्हणजे न थांबता केलेल्या धावेची, ठेवा: सुरुवातीच्या पाच लॅपची सरासरी आणि शेवटच्या पाचांची. काही गाड्या एका लॅपला बरोबरीच्या असतात आणि विसाव्या लॅपला अर्धा सेकंद मागे पडतात.

हे सगळे केले तरी वाद संपत नाहीत, हे खऱ्या ट्रॅकवरही दिसते. २०२३ मध्ये ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीआधी अवघे काही दिवस संतुलन बदलले गेले: टोयोटाला ३७ किलो, फेरारीला २४, कॅडिलॅकला ११, पोर्शेला ३. फेरारी जिंकली आणि त्या ३७ किलोंची चर्चा आजही थांबलेली नाही. त्याआधी २०१६ मध्ये त्याच शर्यतीत जीटी गाड्यांचे संतुलन क्वालिफाइंग (सुरुवातीच्या जागा ठरवणारे सत्र) झाल्यानंतर बदलावे लागले होते. ज्यांच्याकडे प्रत्येक गाडीच्या सेन्सरची माहिती येते त्यांचेही आकडे वादात सापडतात, तर सहा जणांच्या चाचणीवर चालणाऱ्या लीगने बदलाची तारीख तरी आधी सांगावी. आमची सूचना अशी की संतुलन हंगामाआधी एकदा आणि हंगामाच्या बरोबर मध्यावर एकदाच तपासावे. मधल्या काळात फक्त सिमचे नवे अपडेट आले तरच हात लावावा, कारण अपडेटने टायरच बदलले असतील तर जुना तक्ता रद्दी झाला.

यशाच्या वजनाकडे वळतो. याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एकच माणूस सहा फेऱ्या सलग जिंकला की बाकीचे यायचे बंद होतात. पण या वजनाकडून काय अपेक्षा करायची हे स्पष्ट हवे. हौशी लीगमध्ये पहिल्या आणि शेवटच्या चालकात लॅपमागे तीन-चार सेकंदांचा फरक सहज असतो. वरच्याच भावाने ५० किलो म्हणजे ०.७५ सेकंद. यात पहिला चालक चौथा होईल, पंधरावा कधीच पहिला होणार नाही. म्हणजे वजनाने फक्त वरच्या चार-पाच जणांची अदलाबदल होते. मागच्यांना शर्यतीत ओढायचे असेल तर दोन विभाग करा, किंवा एका संध्याकाळी दोन शर्यती ठेवून दुसरीत पहिल्या आठांचे ग्रिड उलटे करा. ‘नवोदितांना संधी’ या नावाखाली विजेत्याला ८० किलो चढवणे यात नवोदिताला काहीच मिळत नाही, विजेता मात्र चिडतो.

ज्यांना हे वजन ठेवायचेच आहे त्यांनी जपानच्या सुपर जीटी या शर्यतमालिकेकडे बघावे. तिथे वर्षानुवर्षे चाललेली पद्धत अशी: मिळालेल्या गुणामागे २ किलो, शेवटून दुसऱ्या फेरीत ते निम्मे, शेवटच्या फेरीत शून्य. वरच्या जीटी५०० वर्गात ५० किलोंपुढचे वजन गाडीवर चढवत नाहीत, त्याऐवजी इंधनाचा प्रवाह कमी करतात. यातली प्रत्येक गोष्ट घेण्यासारखी आहे. वजन गुणांवर बसते, त्यामुळे संयोजकाच्या मर्जीला जागा उरत नाही. कमाल मर्यादा आहे. आणि अजिंक्यपद ठरवणारी फेरी सगळे बिनवजनाने धावतात. हौशी लीगसाठी गुणामागे १ किलो आणि कमाल ४० किलो पुरे, असे आमचे मत आहे.

वेगवेगळ्या वर्गांत हेच किलो उचलून लावू नयेत. जीटी३ ला ३० किलो म्हणजे २.३ टक्के, साधारण १,०५० किलोंच्या माझदा एमएक्स-५ ला तेच जवळपास २.९ टक्के, आणि ६०० किलोंच्या छोट्या फॉर्म्युला गाडीला ५ टक्के. नियमात टक्के लिहा, किलो त्यातून काढा.

या वजनाभोवती होणारी लबाडीही ओळखीची आहे. मुक्त सराव सत्रात हळू धावायचे, क्वालिफाइंगमध्ये जागा सोडायची, तिसरे येण्याऐवजी चौथे येऊन पुढच्या आवडत्या ट्रॅकवर हलके जायचे. जर्मनीच्या डीटीएम या शर्यतमालिकेने कामगिरीवरचे वजन २०१७ चा हंगाम चालू असतानाच काढून टाकले, त्यामागे असल्या डावपेचांची ओरड होती. गुणांशी बांधलेल्या वजनात हा मोह कमी होतो, कारण हलके व्हायचे तर गुणच सोडावे लागतात. पण एक पळवाट उरते आणि ती बहुतेक नियमावल्यांत उघडी असते: ‘सर्वांत वाईट दोन फेऱ्या वगळू’ हा नियम. जड झालेला चालक हळू वळणांच्या ट्रॅकवर गैरहजर राहतो, ती फेरी वगळली जाते आणि पुढच्या फेरीला त्याचे वजन उतरलेले असते. म्हणून वजन धावून फेडलेच पाहिजे. गैरहजर राहिला तर ते पुढच्या हजेरीपर्यंत तसेच राहील, हे एक वाक्य नियमात हवे.

वजनाला पर्याय नाही असेही नाही. ब्रिटिश जीटी मालिकेत मागच्या फेरीतल्या यशस्वी चालक-जोड्यांना पुढच्या फेरीच्या पिट थांब्यावर (शर्यतीत टायर, इंधनासाठी बाजूला थांबतात तिथे) जादा सेकंद उभे राहावे लागते. ब्रिटनच्याच बीटीसीसी या टूरिंग कार मालिकेने २०२२ मध्ये वजन सोडून हायब्रिडची जादा शक्ती वापरण्यावर मर्यादा आणली होती. पिटमधली सेकंदांची शिक्षा सिमसाठी आम्हाला सर्वांत स्वच्छ वाटते. ती कुठल्याही ट्रॅकवर तेवढीच भरते, टायर जाळत नाही, सेटअप (गाडीची जुळवणी) बिघडवत नाही आणि रिप्लेत कुणालाही मोजता येते. अडचण एकच, पिट थांबा सक्तीचा असलेली किमान ४५ मिनिटांची शर्यत हवी.

सेटअप बिघडतो म्हणजे काय ते थोडे सविस्तर. ३० किलोंनी स्प्रिंग दबते, गाडी खाली बसते, पुढची खालची पट्टी (स्प्लिटर) ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांना, म्हणजे कर्बला, घासू लागते आणि हवेचा तोल पुढे सरकतो. चालकाला जमिनीपासूनची उंची एखाद-दुसरा मिलिमीटर वाढवावी लागते. टायर जास्त तापतात म्हणून थंड दाब ०.१ ते ०.२ पीएसआय उतरवावा लागतो. इंधनाचा हिशेब पुन्हा करावा लागतो. याला एक-दोन संध्याकाळी लागतात, म्हणून वजनाची यादी शर्यतीच्या निदान ७२ तास आधी लागली पाहिजे. सेटअप ठरवून दिलेल्या, म्हणजे कुणालाच बदलता न येणाऱ्या शर्यतींत तर संयोजकाने कमाल वजन टाकून तो सेटअप स्वतः चालवून बघणे सक्तीचे करावे.

आता सर्व्हर. नियम कितीही रास्त असला तरी फाईल चुकली की सगळे फुकट, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही. एसीसीत चालकानुसार वजन एंट्रीलिस्ट, म्हणजे सहभागींच्या यादीच्या, फाईलमध्ये जाते आणि गाडी-ट्रॅकनुसार वजन बीओपी फाईलमध्ये. यशाचे वजन पहिलीत, संतुलन दुसरीत, एवढी शिस्त पाळली तरी वर सांगितलेला घोळ बराच आवरतो. सिमचे स्वतःचे संतुलन आधीच लागलेले असते, त्यावर हे दोन्ही चढतात, हेही लक्षात ठेवायला हवे. चालकाची ओळख सतरा आकडी स्टीम क्रमांकाने (स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेवरच्या खात्याचा क्रमांक) होते आणि त्याच्या आधी इंग्रजी ‘एस’ लागतो. तो एस लिहायचा राहिला किंवा एक आकडा चुकला तर सर्व्हर कसलीही तक्रार न करता त्या चालकाला बिनवजनाने आत घेऊ शकतो. फाईल यूटीएफ-१६ या अक्षर-संकेतात जतन करायची असते. साध्या एडिटरमध्ये उघडून दुसऱ्या प्रकारात जतन केली की ती वाचली जात नाही. मूळ असेटो कोर्सात वजन एंट्री लिस्टमधल्या जागेला चिकटते, माणसाला नाही. त्या जागेवर चालकाचा क्रमांक नोंदवला नसेल तर जड गाडीत दुसराच बसतो आणि विजेता हलक्या गाडीत.

शिवाय एसीसीत ॲडमिनला चॅटमध्ये एक ओळ लिहून चालू सत्रातच कुणाचेही वजन बदलता येते. सोयीचे आहे, पण यादी जाहीर झाल्यावर ही सोय फक्त चूक दुरुस्त करायला, सर्वांना सांगून आणि क्वालिफाइंग सुरू होण्याआधी वापरावी. आयरेसिंगमध्ये प्रत्येक सत्राच्या माहितीत गाडीनिहाय वजन, शक्ती आणि इंधनाची मर्यादा कुणालाही वाचता येते, म्हणून तिथे निदान आकडा काय होता यावर वाद होत नाही. आपल्या लीगांनी क्वालिफाइंगआधी सर्व्हरच्या फाईलचे छायाचित्र गटात टाकले तरी तेवढेच काम होईल.

धडक मारल्याबद्दल किंवा ट्रॅक सोडून वेळ कमावल्याबद्दल वजन देण्याची प्रथा मात्र पूर्ण बंद व्हावी, असे आम्हाला तळमळीने वाटते. जो चालक ब्रेकिंगला चुकतो त्याची गाडी जड करून पुढच्या रविवारी पहिल्या वळणावर वीस गाड्यांच्या घोळक्यात सोडायची, यात धोका वाढतो तो त्याच्या पुढच्या निर्दोष माणसाचा. शिवाय तेच २० किलो एका ट्रॅकवर पाच सेकंदांची शिक्षा होते आणि दुसऱ्यावर दहाची. गुन्ह्याला सेकंद द्या, ड्राइव्ह-थ्रू (पिटच्या गल्लीतून हळू जाण्याची शिक्षा) द्या, ग्रिडवर पाच जागा मागे ठेवा, पुन्हा केले तर एक फेरी बाहेर बसवा. यातली प्रत्येक शिक्षा मोजता येते आणि तिच्यावर अपील करता येते.

काही जण थेट मोटरवर बसवलेल्या महाग डायरेक्ट-ड्राइव्ह स्टिअरिंगवाल्यांनाही वजन द्या म्हणतात. हे करू नये. कुणाच्या टेबलावर काय आहे हे सर्व्हरला तपासता येत नाही, आणि साध्या गिअरच्या स्टिअरिंगवरही उत्तम वेळ मारणारे चालक आहेत.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. ई-स्पोर्ट्सचे निकाल आता क्रीडा पानावर येऊ लागले आहेत. सिम रेसिंगचा निकाल छापताना चालकाच्या नावापुढे गाडी, संतुलनाचे वजन आणि यशाचे वजन असे तीन रकाने द्यावेत, आणि संयोजक ते देऊ शकत नसतील तर का देऊ शकत नाहीत हे त्यांना विचारावे. प्रवेश शुल्क भरणारी बरीचशी मुले महाविद्यालयात शिकणारी आहेत. वजनाची यादी आपल्याला आधी मिळायला हवी, हे त्यांनीही फॉर्म भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.

कळावे,
आपले,
सिम रेसिंग लीगचे काही संयोजक आणि स्ट्युअर्ड, पुणे